श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आज कोण वाचतं?

सातपुड्याच्या पायथ्याशी (धागाकर्ता)

माझे आजोबा दिवाणी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून अर्ज लिहून द्यायचे. कायद्याचं शिक्षण नव्हतं, पण चाळीस वर्षं साक्षीदार पाहिले होते. ते म्हणायचे, पढवलेला साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे आपल्याच वकिलाच्या प्रश्नांना, कधीच फसत नाही, फसतो तो उलटतपासणीत. आणि चांगला वकील त्याला खोटारडा म्हणत नाही. "बरं, मग?" एवढंच विचारत राहतो.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात 'सुदाम्याचे पोहे' हे विनोदी लेखांचं पुस्तक हाती लागलं. पानं पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली. तारखांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का बराच जुना. शाळेत 'बहु असोत सुंदर संपन्न की महा, प्रिय अमुचा एक महाराष्ट्र देश हा' गायलं होतं, तेवढीच माझी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची ओळख. आता पुस्तक दोनदा वाचून झालंय. त्यावर मनापासून बोलावंसं वाटलं म्हणून हा धागा.

थोडी माहिती आधी देतो, कारण माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ती नसते. जन्म २९ जून १८७१, नागपूरचा. पुण्याला डेक्कन कॉलेजात बी.ए., मग १८९७ साली एल.एल.बी. नंतर अकोला, खामगाव, जळगाव इथे वकिली. मृत्यू १ जून १९३४. लेखनाला सुरुवात झाली ती नाटकाच्या परीक्षणापासून. 'विक्रमशशिकला' या नाटकावर त्यांनी १८९३ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात टीकालेख लिहिला, तेव्हा वय बाविशीच्या आसपास. स्वतःचं पहिलं नाटक 'वीरतनय' १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणलं. पहिला विनोदी लेख १९०२ चा, आणि त्याचं नाव 'साक्षीदार'. आजोबांमुळे असेल, पण हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

क्रम लक्षात घ्या. आधी टीकाकार, मग नाटककार, मग विनोदकार. आपण विनोदी लेखक म्हटलं की हसवणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो. कोल्हटकर आधी दोष पाहायला शिकले, हसवणं मागाहून आलं. ज्या नजरेनं ते नाटकातली विसंगती हेरत होते, तीच नजर त्यांनी पुढे लग्नसमारंभावर, शिमग्यावर, शकुन-अपशकुनांवर, सभासंमेलनांवर रोखली. त्यांचा विनोद म्हणजे समाजाचं परीक्षण आहे, असं मी म्हणेन.

आणि पद्धत वकिलाची. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्यांची तीन पात्रं. गोष्ट सांगतो सुदामा, आणि तो रूढीच्या बाजूचा. रूढीचं समर्थन तो इतक्या निष्ठेनं, इतक्या तपशिलात जाऊन करतो की वाचता वाचता ते समर्थनच कोसळतं. लेखक मध्ये पडून "पाहा, हे चूक आहे" म्हणत नाही. तो साक्षीदाराला बोलू देतो. बरं, मग? मग पुढे? आणि पिंजऱ्यातला माणूस स्वतःच्या तोंडानं सगळं कबूल करून जातो.

कोल्हटकर पुण्यात कॉलेजात होते त्याच सुमारास, १८८८ साली, आगरकरांचा 'सुधारक' हे वृत्तपत्र सुरू झालं. याच रूढींवर आगरकरांनी जळजळीत लिहिलं आणि त्याची किंमत मोजली. कोल्हटकरांनी त्याच प्रश्नांवर हसणं हे हत्यार चालवलं. ज्यानं आगरकरांचा अंक हातात धरला नसता, तो सुदाम्याबरोबर चार पावलं चालला असेल असं मला वाटतं.

तुमच्यापैकी कुणी वाचलंय का? कुठला लेख आवडला? आणि आवडलं नसेल तर तेही सांगा.


जुनी पानं

चांगला धागा. एक दुरुस्ती आताच करून ठेवतो, नाहीतर पुढे घोळ होईल. कोल्हटकरांनी वकिली केली ते जळगाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव-जामोद, खानदेशातलं जळगाव नव्हे. मी स्वतः कित्येक वर्षं चुकीचं समजत होतो.

पुस्तकाच्या नावाबद्दलही थोडं. १९१० च्या आवृत्तीत अठरा लेख होते म्हणून पूर्ण नाव 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे'. पुढे लेख बत्तीस झाले, तेव्हा ती 'साहित्य बत्तिशी' झाली. फडक्यात बांधून आणलेले पोहे द्यायला संकोचणारा सुदामा, आणि मिळेल त्या धान्याच्या पिठाचं तिखटमिठाचं कडबोळं. नावातच लेखकानं वाचकाशी नातं जोडलंय.


कपाशीचा गाव

मी खामगावचा. आमच्याकडे कापसाचा बाजार इतका मोठा होता की जलंबपासून खास फाटा टाकून १८७० साली रेल्वे गावात आणली. कोल्हटकर आले तेव्हा हे गाव गजबजलेलं होतं. व्यापारी, दलाल, सावकार, कुळं, आणि त्यांचे दावे. म्हणजे माणसं पाहायला याहून चांगली जागा नाही.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचा की पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब राहून त्यांनी मराठी नाटकाला आणि विनोदाला वळण लावलं. दिवसा कोर्ट, रात्री लेखन. नाटक कंपन्या तिकडे, मासिकं तिकडे, हे मात्र वऱ्हाडात. आज कुणी विदर्भातून लिहितो म्हटलं की लोक 'तिकडचा लेखक' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी राम गणेश गडकऱ्यांसारखा नाटककार याच 'तिकडच्या' वकिलाला गुरू मानत होता, हे आमच्या गावातल्या पोरांनाही माहीत नाही. त्याचं वाईट वाटतं.


विंगेतून

मी नाटकाच्या बाजूनं बोलते. कोल्हटकरांविषयी आदर आहेच, पण त्यांच्या तीक्ष्ण बुद्धीनंच त्यांच्या नाटकांचं नुकसान केलं, हे माझं प्रामाणिक मत. आम्ही काही वर्षांपूर्वी 'मूकनायक'चं अभिवाचन करून पाहिलं होतं. १९०१ चं नाटक, विषय दारूबंदीचा. पहिल्या दहा मिनिटांत मजा आली. मग लक्षात यायला लागलं की राजा बोलतो तसाच सेवक बोलतो, नायिका बोलते तशीच दासी बोलते. सगळ्यांच्या तोंडी कोट्या, आणि सगळ्या कोट्या कोल्हटकरांच्या. वाचणाऱ्या मुलांनी भूमिका आपसात बदलल्या तरी काही बिघडलं नाही. नाटकाला याहून मोठा दोष कुठला?

आता याच विषयावरचं गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. तळीराम बोलतो ते तळीरामच बोलू शकतो. सिंधूचं एकही वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता येत नाही. गडकऱ्यांनीही कोट्या केल्याच, भरपूर केल्या. पण त्यांना माणसं दिसत होती. कोल्हटकरांना कल्पना दिसत होत्या. 'वीरतनय', 'मूकनायक', 'गुप्तमंजूष' गाजली त्यात नव्या चालींचा मोठा वाटा होता. पारशी-उर्दू रंगभूमीच्या धर्तीच्या चाली त्यांनी मराठीत आणल्या आणि प्रेक्षक तिकडे वळला. ते श्रेय त्यांचंच. पण संवाद आज उभे राहत नाहीत.


सातपुड्याच्या पायथ्याशी (धागाकर्ता)

विंगेतून, तुमचं म्हणणं पटतं, आणि मला वाटतं त्यातच माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आहे. नाटकात प्रत्येकाला स्वतःचा आवाज लागतो. 'पोह्यां'त मात्र बोलणारा एकटा सुदामा आहे. एकाच आवाजात सगळं सांगायचं असल्यामुळे लेखकाची बुद्धी तिथे अडथळा होत नाही, तीच इंधन होते. जो गुण नाटकात दोष ठरला, तो निबंधात जागेवर बसला. त्यांनी बारा नाटकं लिहिली आणि आज उरले ते निबंध.

गुरू-शिष्याचं 'कपाशीचा गाव' यांनी काढलं म्हणून एक मनात राहिलेलं सांगतो. गडकरी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. 'बाळकराम' नावानं त्यांनी जे विनोदी लेख लिहिले, 'ठकीचे लग्न' वगैरे, ते सरळ 'पोह्यां'च्याच पठडीतले. गुरूनं महाराष्ट्रगीत लिहिलं, शिष्यानंही 'मंगल देशा, पवित्र देशा, महाराष्ट्र देशा' लिहिलं. आणि २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गडकरी गेले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. शिष्य आपल्यापुढे गेला हे गुरूच्या हयातीतच जगाला दिसलं, आणि शिष्य राहिला नाही हेही गुरूलाच पाहावं लागलं. हे वाचताना फार कालवाकालव झाली.


नांगरट

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा. कोल्हटकरांना 'मराठी विनोदाचे जनक' म्हणायची पद्धत पडली आहे. शाळेच्या पुस्तकांतून आपण तेच शिकलो. पण मग जोतीराव फुल्यांचं काय? 'तृतीय रत्न' १८५५ चं. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा आणि त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी. त्यात एक विदूषक आहे, तो मध्ये मध्ये येऊन जोशाचं कपट उघडं करत जातो. कोल्हटकरांच्या जन्माच्या सोळा वर्षं आधी. ते नाटक पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं होतं, कमिटीनं नाकारलं. रूढीची उलटतपासणी तिथे झालेली आहे, फक्त न्यायाधीश ऐकायला तयार नव्हते.

त्याही मागे जा. एकनाथांची भारुडं. तुकोबांचे ढोंगी साधूंवरचे अभंग. तमाशातला सोंगाड्या तर राजालाही उलट उत्तर देतो. माझी आजी निरक्षर होती, पण दळताना अशी एकेक ओवी म्हणायची की भावकीतला माणूस खाली मान घालून निघून जायचा. मराठी माणूस १९०२ साली हसायला शिकला नाही.

दुसरा मुद्दा. 'पोह्यां'तलं जग कुणाचं आहे? शेंडी, सोवळं, पंगत, पंचांग, हुंडा. पांढरपेशा ब्राह्मणी घरातलं. कोल्हटकरांनी आपल्याच घरावर हत्यार धरलं, याला धैर्य लागतं, ते मी मान्य करतो. पण घराबाहेरची माणसं त्या पुस्तकात जवळजवळ नाहीत.


जुनी पानं

नांगरट, 'जनक' हा शब्द सैलपणे वापरला जातो हे खरं. मी असं म्हणेन की मासिकातला, सुटा, लेखकाच्या नावानं ओळखला जाणारा विनोदी निबंध त्यांनी रुजवला. ती एक विशिष्ट जात आहे आणि तिचा आरंभ त्यांच्याकडे जातो. गडकरी त्यातून आले. आचार्य अत्रे त्याच वाटेनं आले. १९२५ ची 'झेंडूची फुले' पाहा, कवितेच्या रूपात केलेली टीकाच आहे ती. वि. स. खांडेकरही कोल्हटकरांना गुरू मानत, आणि त्यांचीही सुरुवात टीका आणि विनोद अशी जोडीनंच झाली. टीकाकार आणि विनोदकार एकाच अंगरख्यात असणं ही आपल्याकडे परंपराच झाली.

भारुड आणि 'तृतीय रत्ना'बद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. 'तृतीय रत्न' वाचायचं राहिलं असेल त्यांनी या धाग्यानंतर जरूर वाचा.


सातपुड्याच्या पायथ्याशी (धागाकर्ता)

राग कसला, नांगरट. तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं पहिलं लेखन पुन्हा पाहिलं. 'समाजाचं परीक्षण' असं मी लिहिलं, ते 'आपल्या समाजाचं' असं लिहायला हवं होतं. पिंजऱ्यात त्यांनी उभे केलेले साक्षीदार सगळे स्वतःच्या ओळखीचे होते. आजीच्या ओव्या आठवत असतील तर लिहून ठेवा, किंवा फोनवर म्हणून ठेवा. खरंच सांगतो.


फळा आणि डस्टर

मी मराठी शिकवते, आठवी ते दहावी. मुलांसमोर कोल्हटकर आणायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा सपशेल फसले. वाक्यं लांब, संस्कृत शब्द जड, आणि ज्या रूढीवर विनोद आहे ती रूढीच मुलांनी पाहिलेली नाही. विनोद समजावून सांगायला लागला की तो मरतो. वर्ग शांत, मी घामाघूम.

दुसऱ्या वर्षी आधी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर 'पक्ष' हा शब्द लिहिला आणि विचारलं, याचे किती अर्थ? पक्ष्याचा पंख. महिन्याचा पंधरवडा. निवडणुकीतला पक्ष. एका मुलाचे वडील कोर्टात शिपाई आहेत, तो म्हणाला, बाई, पक्षकार! एक मुलगी म्हणाली, पितृपक्ष. मग मी सांगितलं, आता यातले दोन अर्थ एकाच वाक्यात आणा. अर्धा तास वर्ग नुसता उकळत होता. एकानं "निवडणूक हरलेल्या पक्षाला वद्य पक्ष म्हणावं" असं लिहून आणलं. मी त्याला शाबासकी दिली आणि सांगितलं की याला कोटी म्हणतात, आणि एका माणसानं यावर आयुष्य काढलं. त्यानंतर 'चोरांचे संमेलन'मधला एक उतारा वाचला, आणि या वेळी मुलं हसली. चोर एकत्र जमून संमेलनाचे सगळे सोपस्कार करतात, ही कल्पनाच त्यांना इतकी आवडली की स्नेहसंमेलनात हेच करू या म्हणून मागे लागली.

विंगेतून ताई कोट्यांना नावं ठेवतात ते नाटकापुरतं योग्य असेल. पण शब्दाला दोन बाजू असतात हे ज्या मुलाला कळलं, ते मूल जाहिरात आणि भाषण दोन्ही जरा सावधपणे ऐकतं. मला कोटीचं मोल तिथे दिसतं.


तारांगण

माझा विषय साहित्य नाही, म्हणून थोडक्यात. कोल्हटकरांनी १९१३ साली 'भारतीय ज्योतिर्गणित' लिहिलं आहे. हे फलज्योतिष नव्हे, ग्रहांच्या गतीचं गणित. आकाशातलं गणित ज्याला येत होतं तोच माणूस शकुन-अपशकुनांची थट्टा करत होता. ग्रह कुठे आहे हे काढता येणं वेगळं आणि ग्रहाला भिणं वेगळं, हा फरक त्यांना आतून माहीत होता. विनोद कुठून येतो यावर तुम्ही सगळे बोलताय, तर मला वाटतं थोडा इथूनही येत असावा.


विंगेतून

तारांगण, हे मला अजिबात माहीत नव्हतं! गणिती माणूस म्हटल्यावर संवादांची ती काटेकोर रचना एकदम कळली. प्रत्येक कोटी हिशेबानं मांडलेली असते, दोन्ही बाजू सारख्या.

फळा आणि डस्टर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण 'चोरांचे संमेलन' अभिवाचनाला घ्यावं असं आता वाटतंय. आणि यातली गंमत बघा. संमेलनाच्या थाटाचं इतकं बारीक निरीक्षण ज्यानं केलं, त्यालाच १९२७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं गेलं. ज्यांनी निवड केली त्यांनी तो लेख वाचलेला असणारच. त्या मंडळींचं मला फार कौतुक वाटतं.


परमुलखातून

मी बारा वर्षं परदेशात आहे. इथल्या मराठी मंडळात गणपतीला दरवर्षी तेच चार कार्यक्रम होतात. हा धागा वाचून पुस्तकाची स्कॅन प्रत शोधली आणि रात्री एकटाच मोठ्यानं वाचत बसलो. मनात वाचताना लांब वाटणारी वाक्यं मोठ्यानं वाचली की आपोआप तोल धरतात. श्वास कुठे घ्यायचा हे वाक्यच सांगतं. कीर्तनकार पूर्वरंगात विषय लांबवत नेतो आणि मग एका शब्दावर आणून सोडतो, तसं. ज्यांना वाचवत नाही त्यांनी एकदा आवाज लावून पाहावा.


सातपुड्याच्या पायथ्याशी (धागाकर्ता)

परमुलखातून, तुमचं वाचलं आणि रविवारी तेच केलं. माझी आत्या पंच्याऐंशीची आहे, मोतीबिंदूमुळे आता वाचता येत नाही. आजोबांची ही थोरली लेक. पुस्तक घेऊन गेलो आणि म्हटलं, चोरांच्या संमेलनावर एक लेख आहे, ऐकतेस का? दोन-तीन पानं वाचली असतील. आत्या डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी मला वाक्य नीट जमलं नाही, तर म्हणाली, "पुन्हा वाच, घाई करू नकोस, तो काहीतरी दडवतोय त्यात." पुन्हा वाचलं. खरंच दडवलेलं होतं. मी दोनदा पुस्तक वाचून ती जागा माझ्याकडून निसटली होती.

मग तिनं विचारलं, "हे गृहस्थ कोण?" मी म्हटलं, जळगाव-जामोदला वकील होते. ती उठून बसली. म्हणाली, "वकील? मग कोर्टाचं काही लिहिलंय का यांनी?" मी 'साक्षीदार'चं नाव सांगितलं. तिनं चोरांचा लेख तिथेच थांबवायला लावला. म्हणाली, "हे राहू दे. आधी ते वाच. बाबांनी तेच आधी मागितलं असतं."

वाचनालयाची मुदत शनिवारी संपतेय, वाढवून घेतली आहे. विंगेतून, तुमच्या अभिवाचनाची तारीख ठरली की इथेच कळवा. गाडी करून आत्याला घेऊन येतो.